सणसरचा ऊस आणि दोन देशांचा हिशेब

माहेरी निघताना बायकांच्या बॅगेत काय काय असतं! मुलांचे कपडे, भावजयीसाठी पर्स, भाच्यांसाठी चॉकलेटं, आईसाठी गुडघ्याला बांधायचा पट्टा. २०२४ च्या जानेवारीत मी न्यू जर्सीहून सणसरला निघाले तेव्हा हे सगळं माझ्याही बॅगेत होतंच; पण खांद्यावरच्या पर्समध्ये एक जाड पिवळं पाकीटही होतं. त्यात अमेरिकेच्या आयकर खात्याचे कोरे फॉर्म होते, आणि आईच्या मदतीशिवाय ते मला भरता येणार नव्हते.

माझी आई जुन्या काळची सातवी पास. इंग्रजीत सही करते, तेवढंच तिचं इंग्रजी. तिचा आणि अमेरिकेच्या आयकराचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायला बसले आहे. कारण मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाची मुलगी, कुणाची नणंद, कुणाची धाकटी बहीण लग्न होऊन परदेशी गेली असेलच. आणि तिचं नाव माहेरच्या एखाद्या कागदावर असेलच असेल.

पण आधी गावाविषयी.

सणसर हे इंदापूर तालुक्यातलं, बारामती-इंदापूर रस्त्यावरचं गाव. वारकऱ्यांना ते वेगळं सांगायला नको. देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी बारामतीनंतरचा मुक्काम आमच्याकडे करते. त्यामुळे मुंबईच्या विमानतळावरून पुणं ओलांडून सोलापूर रस्त्याला लागलं, की मी गाडीच्या खिडकीतून पालखीचे मुक्काम मोजू लागते. लोणी काळभोर, यवत, वरवंड. मग पाटसला वळून उंडवडी आणि बारामती. पुढे काटेवाडी. तिथे पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ ला झालं. तेव्हापासून रस्ता दर खेपेला मला नवाच वाटतो. पण काटेवाडी मागे पडून भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचं धुराडं दिसलं, की मी ओळखीच्या मुलखात येते. मळीचा वास बंद काचांतूनही आत येतो. माझी मुलं नाक धरतात. मी मात्र खोल श्वास घेते. पुढचंच गाव आमचं.

जानेवारी म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, उसाने लादलेल्या बैलगाड्या, रानाच्या कडेला बीड-नगरकडून आलेल्या तोडणी कामगारांच्या कोप्या, त्यांच्या चुली, वाढ्यांचे भारे डोक्यावर घेऊन निघालेल्या बाया. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काजळी बसते, म्हणून आई या दिवसांत पांढरं काही बाहेर वाळत घालत नाही. इथलं सगळं हिरवेपण नीरा डाव्या कालव्याचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा कालवा झाला आणि दुष्काळी माळावर बागायत आली. माझे वडील, अण्णा, प्राथमिक शिक्षक होते. पगारातून पै-पै साठवून त्यांनी कालव्याखालची चार एकर जमीन टप्प्याटप्प्याने घेतली. आमच्या घरात ऊस आला तो असा.

माझं बी. ए. बारामतीला झालं. नंतर एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवत होते. डिसेंबर २०१२ मध्ये लग्न झालं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये विमानात बसले. नवरा तिकडे नोकरीत, मी त्याची आश्रित म्हणून एच-फोर व्हिसावर. त्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. (काही पत्नींना ती २०१५ पासून मिळू लागली.) नोकरी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही. पण नवऱ्याबरोबर जोडीने रिटर्न भरायचं तर क्रमांक हवाच! मग त्यासाठी आयटीआयएन नावाचा वेगळा करदाता क्रमांक काढावा लागला. कमाई शून्य आणि करदाता क्रमांक हातात, अशी माझी संसाराची सुरुवात.

गंमत पुढेच आहे. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर. मी फेब्रुवारीत गेले, म्हणजे त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून जास्त काळ भारतातच होते. तेव्हा मार्चअखेरपर्यंत मी भारताची निवासी. आणि नवऱ्याबरोबर जोडीने रिटर्न भरलं, म्हणून १ जानेवारीपासून मी अमेरिकेचीही निवासी. म्हणजे त्या तीन महिन्यांत मी दोन्हीकडची होते. आपल्याकडे म्हणतात, दोन घरचा पाहुणा उपाशी. इथे उलटं झालं, दोन्ही घरं हिशेब मागायला हजर! शाळेचं जानेवारीचं तुटपुंजं मानधनसुद्धा तिकडे दाखवायचं होतं. ते मी दाखवलं आणि मला वाटलं, आता आपल्याला सगळं कळलं.

कुठलं कळायला!

२०१८ मध्ये अण्णा गेले. जमीन त्यांनी स्वतः मिळवलेली, मृत्युपत्र नाही. तेव्हा कायद्याने आई, धाकटा भाऊ आणि मी, असे तिघे सारखे वारस. आईने तलाठ्याकडे खेटे घालून वारसनोंद करून घेतली. फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर तीन नावं लागली. रान भाऊ बघायचा. उसाचं बिल आईच्या नावाने बँकेत जमा व्हायचं. त्या खात्यावर दुसरं नाव माझं होतं. मी कॉलेजात असताना अण्णांनीच ते लावलं होतं, आणि त्यांच्या निवृत्तीच्या पैशांच्या मुदत ठेवींवरही. उसातला माझा तिसरा हिस्सा आईने औषधपाण्याला ठेवावा, असं आम्ही बोलून ठरवलं होतं. कागद काही केला नव्हता.

दर वर्षी आमचे तिकडचे कर सल्लागार विचारायचे, "भारतात काही उत्पन्न? काही खातं?" आणि मी दर वर्षी सांगायचे, "नाही." खोटं बोलत होते का? माझ्या मते नव्हते. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नसतो, हे तर शेतकऱ्याच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत. आणि खातं आईचं. माझं नाव म्हणजे नुसतं प्रेमाने लावलेलं.

२०२३ च्या पावसाळ्यात भावाचा रात्री फोन आला. "ताई, बँकेनं कागद दिलाय. विचारतात, तू अमेरिकेत कर भरतीस का?" भारत आणि अमेरिका यांच्यात ९ जुलै २०१५ रोजी एक करार झाला. त्याप्रमाणे आपल्याकडच्या बँका अमेरिकेच्या करदात्यांच्या खात्यांची माहिती आपल्या सरकारमार्फत तिकडे कळवतात. तोच तो कागद. मी तेव्हा मुलांचे डबे भरत होते, हातातली पोळी हातातच राहिली. तोवर आम्हाला ग्रीन कार्ड मिळालं होतं, मी एका शाळेत अर्धवेळ शिकवत होते, रविवारी मराठी शाळेत मुलांना बाराखडी गिरवायला लावत होते. आणि इकडे माझी स्वतःची पाटी चुकलेली!

दुसऱ्या दिवशी सल्लागारांकडे गेले. त्यांनी शांतपणे समजावलं, ते तुम्हालाही सांगते.

अमेरिका आपल्या नागरिकांच्या आणि ग्रीन कार्डधारकांच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावते. पैसा कुठे मिळाला, कुठे ठेवला, तिकडे आणला की नाही, हे ती बघत नाही. सणसरच्या उसाला दिल्लीचा कर नाही, कारण आयकर कायद्याने शेतीचं उत्पन्न वगळलं आहे. इंग्रजांच्या १८८६ च्या कायद्यातही ते वगळलेलं होतं. आणि आपल्या घटनेने शेतीच्या उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे, केंद्राला नाही. पण ही सूट भारताची. अमेरिकेने ती मान्य केलेली नाही.

मग मी विचारलं, दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे ना? आहे. १९८९ मध्ये सह्या झाल्या, १९९० च्या डिसेंबरात तो अमलात आला. पण त्याचा अर्थ असा, की एका देशात भरलेल्या कराची वजावट दुसऱ्या देशात मिळते. उसावर इकडे काही भरलेलंच नाही, तर वजावट कशाची मिळणार? बँकेच्या व्याजावर इकडे कर कापला असेल तर त्याची वजावट मिळेल. उसावरचा मात्र सगळा कर तिकडेच भरायचा. त्यातून न्यू जर्सी राज्याचा कर वेगळा. परदेशी भरलेल्या कराची वजावट तिथल्या राज्याच्या रिटर्नमध्ये मिळत नाही.

आणि खात्याचं काय? परदेशातली तुमचं नाव असलेली सगळी खाती मिळून वर्षात एक दिवस जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर त्यांची माहिती एफबार नावाच्या फॉर्मवर द्यायची. खात्यात पैसा आईचा असला तरीही. नुसता सहीचा अधिकार असला तरीही. त्यावर कर नाही, फक्त कळवायचं. पण कळवलं नाही तर दंड मोठा. चूक अजाणतेपणी झाली तरी कायद्यात एका वर्षाच्या फॉर्मला दहा हजार डॉलरपर्यंत दंड लिहिलेला आहे, आणि महागाईप्रमाणे तो आकडा वाढवत नेतात. हा दंड दर खात्यामागे नसून दर वर्षाच्या फॉर्ममागे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला, तेवढाच दिलासा. माझी सहा वर्षं राहिली होती.

भावाला मी हे फोनवर सांगितलं आणि चूक केली. सहा गुणिले दहा हजार त्याने लगेच केलं. "साठ हजार डॉलर? म्हंजे पन्नास लाख! ताई, अमेरिकेचं खातं आपल्या रानापर्यंत येतं का काय?"

म्हणून मी जानेवारीत सणसरला गेले.

पहिल्या दिवशी कुणी विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाबरोबर रानात गेले. आडसाली उसाला तोड आली होती. जुलैत लावलेला हा ऊस सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. २०२२ च्या पावसाळ्यातली लागण, २०२४ च्या जानेवारीत तोडणी, पहिला हप्ता तोडणीनंतर आणि शेवटचा जमला तर दिवाळीला. एकाच उसाच्या खर्चाची आणि पैशाची तीन कॅलेंडर वर्षांत फाटाफूट. बांधावर बसून आम्ही दोघांनी एक ऊस मोडून खाल्ला, आणि मग भाऊ बोलला.

"ताई, राग मानू नको. बारामतीला एकाला विचारलं. तू हक्कसोड पत्र करून दे. दुय्यम निबंधकाकडं एक सही केली की मिटलं. ना तुझ्या डोक्याला ताप, ना आमच्या."

माझा भाऊ लोभी नाही, हे मी शपथेवर सांगेन. माझा हिस्सा त्याने आजवर एका रुपयाने कमी केला नाही. तो घाबरला होता. आणि खरं सांगू? मीही घाबरले होते. तीन नावांतलं एक नाव काढलं की रात्रीची झोप परत मिळणार असेल, तर काय हरकत आहे, असं माझ्याही मनात आलं होतं. मी "बघू" म्हटलं. घरी येऊन जेवताना आईच्या कानावर घातलं. मला वाटलं ती मुलाच्या बाजूने बोलेल, नाहीतर माझ्या. ती आधी काहीच बोलली नाही. ताटं उचलली, ओटा पुसला, मग पदराला हात पुसत येऊन बसली.

"माझे वडील १९९६ साली गेले. भावांनी सही मागितली. मी दिली. साडीचोळी केली, पुरणपोळीचं जेवण घातलं. भाऊ वाईट नव्हते गं. पण त्या दिवसापासून त्या घरी गेले की मी पाहुणी. आधी न विचारता दळणाचा डबा उचलायची, मग कपभर चहाची वाट बघत ओसरीत बसायला लागले. कुणी बस म्हटलं नव्हतं. माझं मलाच तसं वाटायला लागलं." आणि भावाकडे वळून म्हणाली, "हिचं नाव लावायला मी तलाठ्याकडं किती खेटे घातले, ते तुला माहीत आहे. काढायला काय, एक दिवस पुरतो."

भाऊ खाली बघत राहिला. मी पण.

इथे मला मधेच थोडं कायद्याचं सांगू द्या. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या. साऱ्या देशासाठी २००५ मध्ये कायदा बदलला. आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मुलीचा हा हक्क जन्माने आहे. २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते, याने फरक पडत नाही. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत तर मृत्युपत्र नसेल तेव्हा १९५६ पासूनच मुलगी वारस. परदेशी गेलेली मुलगीही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन नव्याने विकत घेता येत नाही, पण वारशाने आलेली ठेवता येते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकता येते.

संध्याकाळी मी सल्लागारांना फोन लावला. तिकडे सकाळ होती. हक्कसोडीचं विचारलं. ते म्हणाले, "दोन गोष्टी. एक, मागच्या सहा वर्षांची चूक त्याने पुसली जात नाही. दुसरी, अमेरिकेच्या नजरेत तुम्ही भावाला हिस्सा दिलात म्हणजे बक्षीस दिलंत. ठरावीक रकमेच्या वर गेलं की त्याचाही फॉर्म आहे." ऐका! हक्क सोडला तरी फॉर्म सुटत नाही. हे मी मोठ्याने सांगितलं तेव्हा भाऊसुद्धा हसला. आणि उठून म्हणाला, "ताई, काट्याच्या पावत्या खालच्या ट्रंकेत आहेत."

ट्रंक उघडली. पावत्या होत्या, पण काही वाळवीने खाल्लेल्या. तेव्हा आईने कपाटातून वह्या काढल्या. दोनशे पानी, वर अण्णांच्या हस्ताक्षरात सालं घातलेल्या. अण्णांच्या मागेही तिने लिहिणं सोडलं नव्हतं. किती टन गेला, काय भाव मिळाला, सोसायटीचं कर्ज किती कापून घेतलं, खात्यात किती आले. दुसऱ्या बाजूला खर्च. बेणं, नांगरट, खत, पाणीपट्टी, खुरपणीच्या बायांचा रोज. शेवटी पालखीच्या दिवशी किती भाकरी थापल्या, तेही. मी विचारलं, "आई, हे कुणाला दाखवायला लिहितेस?" ती म्हणाली, "कुणाला नाही. पैसा येतो-जातो, त्याचं नाव-गाव नको का?"

या वह्यांमुळे मी वाचले. कारण कर लागतो तो नुसत्या बँकेत जमा झालेल्या रकमेवर नाही. कारखान्याने सोसायटीचं कर्ज कापून उरलेलं खात्यात टाकलं, तरी उत्पन्न धरायचं ते पूर्ण बिलाचं. कर्जाची फेड हा खर्च नाही, त्यातून घेतलेलं खत हा खर्च. मग एकूण खर्च वजा, राहिलेल्याचा तिसरा हिस्सा माझा. दोन तृतीयांश माझे नाहीतच, ते मी दाखवायचे नाहीत. तीन रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिघं बसलो. आई वाचायची, भाऊ पावतीशी ताडून बघायचा, मी रुपये आणि डॉलर मांडायची. एका जागी अडलो. आईच्या वहीत होतं, "टोळीला खुशाली, ट्रॅक्टरला एंट्री." ऊसपट्ट्यातल्या बायकांना ही प्रकरणं माहीत आहेत. ना पावती, ना बोभाटा; दिल्याशिवाय ऊस हलत नाही. मी ते इंग्रजीत कसं लिहू? शेवटी सोडून दिलं. पावती नाही त्या खर्चाची वजावट मागितली नाही. "मग अमेरिकेला कळणारच नाही आपण खुशाली देतो ते!" आईला त्याचंच वाईट वाटलं.

आपली चूक अजाणतेपणी झाली असं आपण होऊन सांगणाऱ्यांसाठी तिकडे स्ट्रीमलाइन्ड नावाची योजना आहे. तीन वर्षांची रिटर्न दुरुस्त करायची, सहा वर्षांचे एफबार भरायचे, राहिलेला कर व्याजासकट द्यायचा. अमेरिकेत राहणाऱ्यांना त्याखेरीज न कळवलेल्या रकमेवर पाच टक्के दंड. सरकारने आधी विचारणा केली तर मात्र ही वाट बंद होते. आणि त्या फॉर्मवर आपली चूक कशी झाली, ते आपल्या शब्दांत लिहून द्यावं लागतं. मी आजवर शेकडो मुलांना निबंध लिहायला लावले, पण असा निबंध कधी लिहिला नव्हता. सणसरच्या ओसरीत बसून मी लिहिलं, की आमच्याकडे मुलीचं नाव वडील मायेने लावतात. त्या नावाला जबाबदारीही असते, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

कर किती निघाला? ऐकून तुम्ही हसाल. खर्च जाऊन माझ्या वाट्याला वर्षाला लाखभर रुपये. तीन वर्षांचा कर आणि व्याज मिळून आमच्या महिन्याच्या किराण्याएवढं. दंड मात्र तेव्हाच्या भावाने तोळाभर सोन्याएवढा बसला. सल्लागारांची फी त्याहून जास्त. कर भरायला मी कधीच मागेपुढे पाहिलं नसतं. "नाही" म्हणण्याआधी एकदा नीट विचारलं असतं, तर तोळाभर सोनं अंगावर राहिलं असतं, इतकंच.

बारामतीच्या एका चार्टर्ड अकाउंटंटबाईंनी इकडची बाजू नीट लावून दिली. माझं स्वतःचं जुनं बचत खातं अनिवासी, म्हणजे एनआरओ करून घेतलं. ते लग्नानंतर लगेच करायला हवं होतं. आईच्या खात्यावर पहिलं नाव आईचं, माझं दुसरं, तिच्या पश्चात चालेल अशा अटीने. तेवढं अनिवासी मुलीला चालतं. उसातला माझा हिस्सा आता माझ्या एनआरओ खात्यात वेगळा जातो. मी तिथून आईला औषधाचे पैसे देते. आईला हा द्राविडी प्राणायाम वाटतो. "उजव्या हातातलं डाव्या हातात!" म्हणते. पण कागदावर आता जे आहे ते खरं आहे.

या व्यापातून माझ्या वहीत जे टिपण झालं, ते तुमच्यासाठी उतरवते. अमेरिकेचे नियम इतर देशांना जसेच्या तसे लागू नाहीत, आणि आकडे दर वर्षी बदलतात, तेव्हा जाणकाराला विचाराच.

१. मुलगी परदेशी जाण्याआधी तिची इकडची सगळी खाती, ठेवी, शेअर, विमा, सातबारा यांची एक यादी करा. जिथे तिचं नुसतं दुसरं नाव आहे, तेही लिहा.

२. बँकेला ती अनिवासी झाल्याचं कळवून खातं एनआरओ करून घ्या. या खात्याच्या व्याजावर सुमारे तीस टक्के कर आधीच कापतात. एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर तो परत मिळतो, पण भारतात रिटर्न भरल्याशिवाय नाही. आणि इकडे परत मिळालेल्या कराची वजावट तिकडे मागायची नाही.

३. "इकडे करमुक्त" म्हणजे "तिकडेही करमुक्त" असं समजू नका. उसाचे पैसे, पीपीएफचं व्याज, एनआरई ठेवीचं व्याज, हे सगळं अमेरिकेत विचारतात. आपल्या म्युच्युअल फंडांचा हिशेब तर तिकडे फारच किचकट.

४. दोन देशांची दोन कॅलेंडरं भिंतीवर लावा. अमेरिकेचं रिटर्न १५ एप्रिलला, आपलं साधारण जुलैअखेर. आपल्याकडे १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा आयकर कायदा आला आहे. त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. त्यात 'कर वर्ष' असा शब्द आला, तरी वर्ष एप्रिल ते मार्चच.

५. इकडचं रिटर्न पडताळायला फोनवर ओटीपी येतो. तो जुना भारतीय नंबर बंद पडू देऊ नका. आमचा भावाजवळ आहे. रात्री अकराला ओटीपी मागितला की तो कुरकुरतो, पण देतो.

६. घाबरून हक्कसोडीवर सही करू नका, आणि करायला लावूही नका. द्यायचाच असेल तर हक्क प्रेमाने, समजून द्यावा. फॉर्मच्या भीतीने देऊ नये.

निघायच्या दिवशी आई मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. उसाच्या गाड्या कारखान्याकडे चालल्या होत्या. तिने पिशवीत तिळाच्या वड्या, कारळ्याची चटणी आणि एक कोरी दोनशे पानी वही घातली होती. "या सालापासून दोन वह्या," ती म्हणाली. "एक इथं, एक तिथं. फोनवर मी वाचेन, तू उतरून घे."

आता दर रविवारी मराठी शाळेतून घरी आले की आमचा फोन होतो. आई चष्मा लावून एकेक ओळ वाचते, मी लिहिते. मध्येच कुणाचं बाळंतपण, कुणाची सोयरीक, कालव्याला पाणी आलं की नाही, हेही होतंच. परवा म्हणाली, "या खेपेला तुझ्या वाटणीचा ऊस चांगला वजनात भरला." तुझ्या वाटणीचा, असं ती मुद्दाम म्हणाली. मी तो आकडा दोनदा लिहिला, आधी रुपयांत आणि मग डॉलरमध्ये.